लाडू कोणी खाल्ला?

प्रवास म्हटला की हल्ली प्रत्येकाच्या कानात इअरफोन! पण बेंगळुरूच्या आय.व्ही.ला जाताना दौंड सुटलं आणि रेंज गेली. पत्ते काढले तर ते भरले 51. शेवटी कुणीतरी म्हणालं, "चला, माफिया खेळू."

हा खेळ 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात सायकॉलॉजी शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने काढला. म्हणजे तोही स्टुडंटच! तसं आपल्याला हे नवीन नाही, राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळतच आपण मोठे झालो. फरक एवढाच, की तिथे चोर एकटा मंत्री ओळखतो आणि इथे सगळे मिळून मतं टाकतात.

पण ट्रेनमध्ये याचे वांधे होतात. सगळ्यांनी डोळे मिटले तर सामान कोण बघणार? "खून झाला!" ओरडलो तर साइड लोअरचे काका दचकून उठले. आणि पहिल्याच फेरीत जो आउट, त्याने पुढे करायचं काय? आमच्यातली एक मुलगी ओळीने तीनदा अशी आउट झाली आणि गपचूप अप्पर बर्थवर जाऊन पडली. कारण काय, तर "ती खाली बघते यार, नक्की तीच!" तिन्ही वेळा ती निर्दोष होती. त्यातल्या दोन वेळा माफिया मी होते. मी कॉन्व्हेंटवाली, फाडफाड बोलते, त्यामुळे माझ्यावर कुणाचा संशयच गेला नाही.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण मला मागची सेम आठवली. हॉस्टेलवर एकीचा मोबाइल हरवला, तेव्हाही आधी हिचीच बॅग उघडायला लावली होती. मीही तिथेच उभी होते. मोबाइल संध्याकाळी जिचा होता तिच्याच गादीखाली सापडला. सॉरी कुणीच म्हटलं नाही.

परत येताना आम्ही आमचाच खेळ बनवला. साहित्य : जर्नलची पानं, एक पेन, रिकामा डबा. माणसं 8. आठ चिठ्ठ्यांपैकी दोन 'लाडूचोर'. दर फेरीला एकजण कॅप्टन, तो तीन राखणदार निवडणार. राखणदारांनी डब्यात गुपचूप एकेक चिठ्ठी टाकायची, टिंब किंवा फुली. प्रामाणिक माणसाला टिंबच टाकावं लागतं. डबा हलवून उघडायचा. फुली निघाली की लाडू गेला! पाच फेऱ्यांत तीन लाडू गेले की चोर जिंकले. कुणी आउट नाही, डोळे मिटणं नाही. (2009 च्या 'द रेझिस्टन्स' या खेळात असाच फंडा आहे हे मागाहून कळलं, तेव्हा पेटंट मिळणार नाही!)

एक नियम मात्र आमचा स्वतःचा. आरोप करताना चेहरा, आवाज, "मला वाटतं" हे चालणार नाही. कुठल्या फेरीत राखणदार कोण होते आणि काय निघालं, तेवढंच बोलायचं. आणि काय सांगू, त्या 'खाली बघणारी'ने दोन्ही चोर चौथ्या फेरीत पकडले! ती खाली बघून सगळा हिशेब मांडत होती.

म्हणून माझं म्हणणं, मोबाइलवर तयार खेळ खूप आहेत, पण घरचा खेळ बनवाच. नियम चुकला तर तो आपल्याला बदलता येतो. आठांत दोन चोर असताना नुसत्या अंदाजाने बोट दाखवलं, तर ते 75 टक्के वेळा निर्दोष माणसाकडेच जातं. खेळात त्याचा एक लाडू जातो. हॉस्टेलवर काय जातं, ते तिला विचारा.

सोलापूरला चहा घेताना मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "बॅग तू नव्हती उघडायला लावलीस." मी म्हटलं, "थांबवलंही नव्हतं."

पुढच्या ट्रिपला डबा मी आणते. लाडू तुम्ही आणा!