प्रदक्षिणेत लागलेली धाप

"गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा घालताना हल्ली मधे दोनदा टेकावं लागतं," असं सांगत रत्नागिरीकडचा साठीचा पेशंट समोर बसतो. नाडी बेताल, ईसीजीत पी-वेव्ह नाहीत. कधीपासून? "गेल्या शिमग्यात तर बरा होतो." सात दिवसांवर टिकलेलं एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) म्हणजे पर्सिस्टंट, वर्ष ओलांडलं की लाँग-स्टँडिंग, आपलं हे काटेकोर वर्गीकरण शेवटी असं शिमग्याच्या आठवणीवर ठरतं.

१९९८ साली बोर्दोच्या हाइसागेर यांनी एएफची ठिणगी पल्मनरी व्हेन्समध्ये दाखवली. पॅरॉक्सिझमल एएफला त्या शिरा आयसोलेट करणं बहुतेक वेळा पुरतं. पर्सिस्टंटमध्ये एट्रियमच बदललेलं असतं, म्हणून आपण शिरांपलीकडेही रेषा ओढत जाळत सुटलो. २०१५ च्या स्टार-एएफ-२ चाचणीने त्याला चाप लावला: ५८९ रुग्ण, दीड वर्षानंतर एएफमुक्त राहिले ते नुसत्या शिरांच्या गटात ५९ टक्के, रेषा ओढलेल्या गटात ४६. कॅप्ला चाचणीत पोस्टीरियर वॉल वेगळी करूनही पदरी काही पडलं नाही. उलट, अर्धवट राहिलेली मायट्रल रेषा नवा फ्लटर जन्माला घालते. प्रॉम्प्ट-एएफमध्ये रेषांना मार्शल शिरेतल्या अल्कोहोलची जोड दिल्यावर फायदा दिसला, पण ते सरावलेल्या हातांचं काम. पहिल्या खेपेला शिरा पक्क्या आयसोलेट कराव्यात, ब्लॉक तपासावा आणि थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पल्स्ड फील्ड ॲब्लेशनने हे थांबणं अवघड केलंय. अन्ननलिकेची धास्ती कमी, वेळही कमी, मग 'आलोच आहोत तर' म्हणत हात पुढे सरकतो. पल्स वाढल्या की हिमोलिसिस वाढतो, मायट्रल इस्थमसजवळ कॉरोनरी आकसू शकते, हे तेव्हा कुणी आठवत नाही.

आणखी एक. या चाचण्या र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसच्या पेशंटवर झालेल्या नाहीत. आपल्या ओपीडीत ते आजही येतात. तेव्हा कॅथलॅबची तारीख देण्याआधी इको बघा. असा स्टेनोसिस असेल तर रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा वॉरफेरिनच सरस, हे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीने दाखवलं. पण गावाकडे आयएनआर नियमित कुठे होणार, हे लिहून देणाऱ्यानेच विचारायला हवं.

ॲब्लेशननंतर ठोका सुधारला की पेशंट गोळ्या सोडतो. स्ट्रोकचा धोका ठोक्यावर नाही, CHA₂DS₂-VASc स्कोअरवर ठरतो. डिस्चार्ज कार्डावर 'रक्त पातळ करणारी गोळी विचारल्याशिवाय बंद करू नये' हे मराठीत, ठळक लिहा; आणि मालगुंडच्या डॉक्टरांना तीन महिन्यांनी ईसीजी काढून फोटो पाठवायला सांगा.