होडी बांधणाऱ्याला सात दिवस, आराखडा काढणाऱ्याला चार वर्षे



२४ डिसेंबर १९२७. महाडच्या परिषदेला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीत चढले. धरमतरच्या वाटेवरचे मोटारवाले सत्याग्रहींना गाडीत घेणार नाहीत अशी चिन्हे होती, म्हणून समुद्राचा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी ते दासगाव बंदरात उतरले, तिथून पायी महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृती जळाली. रस्त्याने नाकारले तेव्हा पाण्याने आपल्याला महाडला पोहोचवले, हे दरवर्षी २५ डिसेंबरला आपण सांगतो. पण ज्या सावित्री नदीकाठी हे घडले, ती पुढे बाणकोटला समुद्राला मिळते, तिच्या दक्षिणेला मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे आंबडवे आहे, आणि या सगळ्या खाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी होड्या बांधल्या त्यांच्या ज्ञानाचे आज काय होते आहे, हे आपण कधी विचारत नाही. आज त्याबद्दल बोलू.

आम्ही खाडीकाठच्या वस्त्यांत काम करतो. तिथे एक म्हातारे कारागीर भेटले. कागदावर एक रेघ न ओढता त्यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. तळाचे मोठे लाकूड कसे ठेवायचे, नाळ किती उचलायची, कुठल्या खाडीच्या मुखाशी लाट कशी फुटते म्हणून पोट किती रुंद ठेवायचे, हे सगळे त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत आहे. त्यांचा मुलगा मुंबईत एका इमारतीच्या गेटवर वॉचमन आहे. "पोरगा म्हणतो, बाबा, ह्यात काय ऱ्हायलंय?" एवढेच ते म्हणाले. नंतर आम्ही जवळच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन विचारले, तुमच्याकडे होडी बांधायला शिकवतात का? समोरचे गृहस्थ हसले. म्हणाले, "ते सुतारांचं काम. ते घरीच शिकतात."

"ते घरीच शिकतात." मित्रहो, हे वाक्य नीट ऐका. डॉक्टरचा मुलगा डॉक्टरकी घरी शिकत नाही, इंजिनिअरची मुलगी इंजिनिअरिंग घरी शिकत नाही. त्यांच्यासाठी सरकार कॉलेज बांधते, प्रयोगशाळा उभारते, प्राध्यापकाला पगार देते. घरीच शिकायचे असते ते फक्त बहुजनांच्या कामाचे. ज्या ज्ञानाला शाळा नाही, परीक्षा नाही, पदवी नाही, त्या ज्ञानाला पगारही नाही आणि मानही नाही. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. त्याचा जिवंत पुरावा बघायचा असेल तर कोकणातल्या कुठल्याही खाडीवर जा.

आता सरकार म्हणेल, आम्ही केले की! १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १३ हजार कोटींची. त्यातल्या १८ व्यवसायांत होडी बांधणाराही आहे. मिळते काय? पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, हवे असल्यास पुढे पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने कर्ज. ज्याच्या पदरी फुटकी कवडी नाही त्याला हे पैसे उपयोगी पडतील, आम्ही त्याला नको म्हणणार नाही. कागदावर जातीची अटही नाही. पण योजनेची भाषा वाचा. 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय', 'गुरू-शिष्य परंपरा'. म्हणजे बापाचे काम मुलाने पुढे चालवावे, हेच पुन्हा गोड शब्दांत. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. तो ज्या कायद्यात दुरुस्ती मागत होता, त्या कायद्याचे नावच 'वंशपरंपरागत अधिकार कायदा' होते. जे वंशपरंपरेचे जोखड त्यांनी मोडायला घेतले, त्यालाच आज प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देऊन सन्मान म्हणतात!

कुणी म्हणेल, कारागिराला काम येतेच, त्याला चार वर्षांचे शिक्षण कशाला? बरोबर. मग जो आधीच तज्ज्ञ आहे त्याला सात दिवस विद्यार्थी म्हणून का बसवता? त्याला शिक्षक करा. जहाजबांधणीची पदवी चार वर्षांची असते. त्या चार वर्षांत या माणसाचा एक तरी तास का नसावा? आणि त्याच्या मुलीला, शेजारच्या बौद्धवाडीतल्या मुलाला, डोंगरावरच्या आदिवासी पोराला त्या पदवीच्या वर्गाचे दार का उघडू नये?

यात खरे संशोधन काय करायचे, असा प्रश्न पडेल. बरेच आहे. ज्या होड्यांचा आकार शीड आणि वल्ह्यांसाठी घडला, त्यांना आज डिझेल इंजिन लागते. त्या हादऱ्याने फळ्यांच्या फटी उघडतात. पंखा आणि होडीचा आकार जुळला नाही तर डिझेल फुकट जळते, आणि ते पैसे मच्छीमाराच्या खिशातून जातात. जाळे आणि मासळी वर चढली की होडी कितपत कलंडते, हे मोजता येते. मोजले तर माणसे वाचतात. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, त्यावर उपाय लागतो. सागाच्या किमती परवडत नाहीत, तेव्हा दुसरे कुठले लाकूड चालेल हे तपासावे लागते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर प्रक्रिया करून, वर फायबरचा थर देऊन छोट्या होड्या केल्या. केरळात रबर मुबलक, चीक संपलेले झाड स्वस्त, म्हणून तो विचार झाला. आंबा, फणस, उंडीच्या कोकणात असा विचार कोण करणार?

दुसरीकडे फायबरच्या होड्या वाढत आहेत. त्याला आमचा विरोध नाही. फायबरला लाकूड कमी लागते आणि किडाही लागत नाही. पण त्या शेडमध्ये राळ मिसळणारा मजूर कोण असतो? बहुधा कंत्राटी, आणि बहुधा आपल्यासारख्याच कुणाच्या घरातला. त्या राळेतून स्टायरीनची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. काचतंतूंची धूळ छातीत जाते. मास्क, हातमोजे, वारा खेचणारा पंखा, हे शिकवायलाही शाळाच लागते. शिक्षण नाही म्हणजे केवळ पदवी नाही असे नव्हे, शिक्षण नाही म्हणजे छातीत विष.

हे होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणे देतो. पहिले कन्याकुमारी जिल्ह्यातले. तिथल्या मच्छीमारांच्या कट्टुमरमसाठी लागणारे मोठे ओंडके मिळेनासे झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुट्टम इथे अभियंते मच्छीमारांच्या सोबत बसले आणि सागरी प्लायवूड जोडून किनाऱ्यावर लाटांतून उतरवता येतील अशा होड्या करू लागले. अनेक फेरबदल झाले, चुका झाल्या, आणि मच्छीमारांच्या सहकारी महासंघाने स्वतःचे होडी कारखाने काढले. म्हणजे मालकीही काम करणाऱ्यांची.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातले पाचव्या शतकातले जहाज सरकारला पुन्हा बांधायचे होते. जुना आराखडा कुठेच नव्हता. गोव्यात काम सुरू झाले, केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या साथीदारांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या, आयआयटी मद्रासने प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या घेतल्या, नौदलाने देखरेख केली. २१ मे २०२५ ला कारवारला 'कौंडिण्य' नौदलात दाखल झाले. बघा! बौद्ध लेण्यांतले चित्र, कारागिराचे हात आणि आयआयटीची प्रयोगशाळा एकत्र येऊ शकते. मग आमचा सवाल साधा आहे: गौरवाच्या एका जहाजासाठी जी प्रयोगशाळा उघडते, ती रोज पहाटे समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या होडीसाठी का उघडत नाही?

आपल्यातलेही काही जण विचारतील, हा प्रश्न कोळी, गाबित, भंडारी, दाल्दी, सुतार यांचा. आपला काय संबंध? आणि बाबासाहेबांनी तर हातकामातून बाहेर पडा असेच सांगितले ना? नाही मित्रहो. त्यांनी सक्तीचे, अपमानाचे, जातीने लादलेले काम सोडायला सांगितले. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की अस्पृश्य तरुणांना कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची गरज आहे, आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा. सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मागितली. आपण मात्र तंत्रज्ञान म्हणजे संगणक आणि पुण्याची कंपनी एवढेच धरून बसलो. जात मोडायची तर जातीत कोंडलेले प्रत्येक ज्ञान सार्वजनिक शाळेत आणावे लागेल. सुताराच्या मुलाला ते सोडण्याचे स्वातंत्र्य हवे, आणि महाराच्या, कातकऱ्याच्या मुलीला ते शिकण्याचे.

म्हणून आमच्या मागण्या. कोकणातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत होडीबांधणी आणि दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हवा, खाडीकाठी कार्यशाळेसह, आरक्षण आणि विद्यावेतनासह. अनुभवी कारागीर तिथे पगारी शिक्षक हवेत, दहावीच्या दाखल्याची अट न घालता. लोणेऱ्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे, ते तंत्रशास्त्राचे आहे आणि महाडच्या वाटेवर आहे. तिथे छोट्या होड्यांचे संशोधन केंद्र हवे, रत्नागिरीच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय जोडीला घेऊन. संशोधकाने कारागिराकडून घेतलेल्या प्रत्येक आराखड्यावर त्या कारागिराचे नाव हवे. आणि फायबरच्या प्रत्येक शेडमध्ये मजुराच्या आरोग्याची तपासणी हवी.

नावाचा हट्ट का? कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. दाराशी कोरलेले वाचा. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याचे नाव तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लेणीत दार करणाऱ्या सुताराचे नाव दगडावर राहिले. आज होडी बांधणाऱ्याचे नाव साध्या कागदावर नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितले की कर शूद्र शेतकऱ्यांकडून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. त्याला आता १४० वर्षांहून अधिक काळ झाला. या २५ डिसेंबरला महाडला याल तेव्हा दासगावच्या खाडीवर थोडे थांबा. काठावर होडी दिसली तर ती कुणी बांधली ते विचारा, नाव लिहून घ्या. मग ती नावे आणि या मागण्या घेऊन आपण लोणेऱ्याच्या दारात जाऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!