आधी टिप बघा, मग स्टिकला नावं ठेवा

जिमखान्याच्या मीटिंगमध्ये दरवर्षी न चुकता येणारी एक मागणी म्हणजे 'स्नूकरसाठी नव्या स्टिक्स हव्यात!' टाळ्या पडतात, ठराव होतो, बजेट मिळालंच तर दोन-चार नव्या स्टिक्स येतातही. सहा महिन्यांत त्या नव्या स्टिक्सही जुन्यांच्या शेजारी रॅकमध्ये तितक्याच निरुपयोगी होऊन उभ्या राहतात. माझं मत काहींना कडू लागेल, पण सांगून टाकतो. आपल्याला नव्या स्टिक्सची गरज नाही. गरज आहे ती योग्य मापाच्या टिप्सची आणि त्या बसवता येणाऱ्या हातांची.

एवढीशी चामड्याची चकती, तिच्यावर काय लेख लिहायचा, असं वाटेल. पण जरा हिशोब करा. जवळजवळ पाच फुटांची स्टिक, त्यात बॉलला लागतो तो भाग फक्त टिपचा, आणि तोही साधारण एक मिलिसेकंद. तुमचा स्टान्स, तुमचा नेम, तुमची सगळी मेहनत त्या एका मिलिसेकंदात त्या चकतीतून बॉलपर्यंत पोचते. तिथेच गळती असेल तर मागचं सगळं पाण्यात.

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवतंय का? स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या सव्वासव्वीस मिमी. बॉलच्या मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर, म्हणजे साधारण १३ मिमी बाजूला मारलं, तर तिथल्या लंबाशी स्टिकचा कोन होतो ३० अंशांचा. टिप घसरू नये म्हणून घर्षणाचा गुणांक किमान टॅन ३० म्हणजे ०.५८ च्या आसपास हवा. खडू लावलेलं, किंचित खरखरीत चामडं एवढी पकड देतं. खेळून खेळून काचेसारखी गुळगुळीत झालेली टिप ती देत नाही, आणि उघडं पितळ तर नाहीच नाही. मग 'टक्' आवाज येतो, बॉल भलतीकडे जातो आणि आपण म्हणतो, 'स्टिकच बेकार आहे यार!' एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काठीच्या टोकाला चामडं लावण्याचं श्रेय फ्रान्स्वा मिंगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला दिलं जातं. बॉलला हवी तशी फिरकी देणं त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झालं. १८७५ साली आपल्या जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्नूकरचा जन्म झाला, तोही चामड्याची टिप रुळल्यावरच.

आता मापाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त अज्ञान इथे आहे. 'प्रो लोक साडेनऊची वापरतात, मलाही साडेनऊचीच दे' असं दुकानात जाऊन सांगणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. अरे बाबांनो, टिपचं माप तुम्ही ठरवत नाही, तुमच्या स्टिकच्या टोकाची पितळी टोपी, म्हणजे फेरूल ठरवते! स्नूकरच्या स्टिकला ती साधारण ९ ते १० मिमीची असते. पूलच्या स्टिकचं टोक १२-१३ मिमीचं, म्हणून पूलची टिप स्नूकरला लावायचा विचारही नको. वर्कशॉपमधला व्हर्नियर घ्या आणि फेरूलचा बाहेरचा व्यास मोजा. टिप्स अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. फेरूल ९.३ भरलं तर साडेनऊची घ्या, ९.७ भरलं तर दहाची. बरोबर साडेनऊ भरलं तरी दहाची घेतलेली बरी. नियम साधा आहे: टिप फेरूलपेक्षा किंचित मोठी घ्यायची आणि कापून बरोबर करायची.

लहान का नाही? कारण लहान टिप लावली की पितळेची कड भोवती उघडी राहते. साइड मारताना ती कड बॉलला लागू शकते, आणि चामड्याच्या कडेलाही खालून आधार पूर्ण नाही. तंतोतंत मापाची घेतली आणि चिकटवताना केसभर सरकली, तर एका बाजूला पायरी आणि दुसऱ्या बाजूला छज्जा! मोठी टिप कापून लहान करता येते, लहान टिप ओढून मोठी करता येत नाही. शिंपीसुद्धा कापड शिवणीत जास्त ठेवतो, ते काय उगीच?

टणकपणाचंही तेच. मऊ टिप पकड छान देते, पण लवकर चेपते आणि आळंब्यासारखी बाजूला पसरते. टणक टिप टिकते, पण तिचा गुळगुळीतपणा वारंवार मोडावा लागतो. जिमखान्याची स्टिक दिवसभरात दहा जणांच्या हातात जाते. तिला मध्यम टिपच योग्य.

बसवायची कशी? आधी जुनी टिप ब्लेडने काढा आणि गोंदाचा जुना थर पूर्ण घालवा. नव्या टिपची चिकटायची बाजू सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या बारीक पॉलिशपेपरवर दोन-चारदा घासा. फेरूलचं तोंडही स्वच्छ आणि मुख्य म्हणजे गुण्यात हवं. पण पितळ आणि मधलं लाकूड कमीत कमी घासायचं, कारण ते परत येत नाही. मग सायनोअॅक्रिलेटचा, जमल्यास जेलवाला, एक थेंब. पातळ गोंद टिप मध्यावर आणायला वेळच देत नाही. टिप मध्यावर आणा, दाबून धरा आणि गोंद पूर्ण सुकू द्या. अर्ध्या तासात मॅच आहे म्हणून घाई केलीत तर टिप पहिल्याच ब्रेकला टेबलावर सापडेल.

त्यानंतर स्टिक उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवा आणि धारदार ब्लेडने फेरूलच्या कडेलगत, बोटं सांभाळून, खाली फळीकडे जादाचं चामडं कापत या. फेरूलला चिकटपट्टी गुंडाळली की पितळेवर ओरखडे येत नाहीत. कड बारीक पॉलिशपेपरने साफ करा, किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने घासून घट्ट करा. शेवटी वरचा घुमट. तो साधारण १० मिमी त्रिज्येचा असला की पुरे. हल्लीचं छोटं एक रुपयाचं नाणं उभं धरून गोलाई ताडून बघा. झालं काम!

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, 'चांगला खेळाडू कुठल्याही स्टिकने खेळतो. नाचता येईना अंगण वाकडं!' म्हण खरी आहे, पण नाच शिकणाऱ्याला वाकड्या अंगणात उभं करणं कुठला न्याय? लॅबमध्ये झिरो एरर असलेला व्हर्नियर चालतो, कारण चूक किती ते माहीत असतं आणि वजा करता येतं. खराब टिपची चूक प्रत्येक शॉटला वेगळी. ती वजा कशी करणार? शिकणाऱ्याला कळतच नाही की हात चुकला की टिप. मग तो चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो, किंवा कंटाळून खेळ सोडतो. अशी मुलं दरवर्षी येतात आणि निमूटपणे जातात. नव्या स्टिक्सच्या ठरावात त्यांचा उल्लेखही नसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: 'हे तर मार्करचं काम!' मार्कर म्हणजे पार्लरमध्ये बॉल लावणारा, स्कोअर ठेवणारा माणूस. नजरेने माप ओळखून दहा मिनिटांत सरळ टिप बसवणारे मार्कर मी पाहिले आहेत. ते काम हलकं नाही, कसबाचं आहे. आपण मात्र डिझाइनच्या पेपरात टॉलरन्सवर दोन पानं लिहितो आणि अर्ध्या मिलिमीटरचं खरं काम समोर आलं की हात मागे घेतो. ज्या कामाने बोटांना गोंद लागतो ते 'दुसऱ्याचं' काम, ही सवय डिग्रीबरोबर पुढे नोकरीतही जाणार. स्नूकर राहू द्या बाजूला, ती सवय महागात पडते.

म्हणून यंदाच्या मीटिंगसाठी माझी साधी सूचना: एका बऱ्यापैकी स्टिकच्या पैशात दहा मिमीच्या मध्यम टिप्सची अख्खी पेटी, पॉलिशपेपर आणि गोंद घ्या. एका शनिवारी एखाद्या जाणत्या मार्करना मानाने बोलवा, मानधन द्या आणि शिकून घ्या. रॅकजवळ एक वही टांगा: कुठल्या स्टिकची टिप कधी बदलली, कोणी बदलली. एवढं सहा महिने करून बघा. त्यानंतरही स्टिक्स बेकार वाटल्या, तर नव्या स्टिक्सच्या ठरावाला पहिला हात माझा वर असेल.