जीप आणि पांदण

दगडधोंड्यांतून, नदीनाल्यांतून व चिखलांतून चालणारी दणकट मोटारगाडी हा सध्यां आपल्या सुशिक्षित वर्गाच्या प्रेमाचा विषय झाला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं महिंद्र कंपनीनें आपल्या पांच दारांच्या ‘थार रॉक्स’ गाडीची नोंदणी सुरू केली, तेव्हां पहिल्या एका तासांत पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनीं आपलीं नांवें नोंदविलीं. जिची किंमतच तेव्हां तेरा लाखांच्या घरांतून सुरू होत होती अशा गाडीसाठीं एवढी झुंबड उडावी, यांत व्यापाराच्या दृष्टीनें अभिनंदनीय असें पुष्कळ असेल. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. ज्याचा पैसा त्यानें वाटेल तसा खर्चावा. माझा आक्षेप आहे तो ह्या खरेदीच्या पाठीशीं उभ्या केलेल्या तत्त्वज्ञानाला. ही म्हणे मातीची, रांगड्या जीवनाची गाडी. रस्त्यावांचून तिचें अडत नाहीं म्हणून ती स्वातंत्र्याचें प्रतीक. आणि आपलें खेडें जें कांहीं थोडेंबहुत पुढें सरकलें त्याचें पुष्कळसें श्रेय तिचें. आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें हेंच मत नुकतें मोठ्या आवेशानें मांडलें, आणि ऐकणाऱ्या मंडळींत त्याला विरोध करणारा मी एकटाच निघालों. तास सुरू झाल्यामुळें जो वाद तेथें तुटला तो येथें पुढें चालवीत आहें.

प्रथम ह्या गाडीची कुळकथा पाहूं. १९४० च्या उन्हाळ्यांत जर्मन सैन्यानें युरोप पादाक्रांत केला, तेव्हां अमेरिकन लष्करानें हलक्या टेहळणी-गाडीसाठीं निविदा मागविल्या. नमुना ४९ दिवसांत हजर करावा अशी अट होती. विचारणा १३५ कारखान्यांकडे झाली. पण ती मुदत पाळून दाखविली पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या अमेरिकन बँटम ह्या डबघाईस आलेल्या लहानशा कंपनीनें. कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या अभियंत्यानें आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिली गाडी लष्कराच्या दारांत उभी राहिली. लष्करानें तिचे नकाशे विलिस व फोर्ड ह्या बड्या कंपन्यांच्या हवालीं केले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. त्यांत मूळ जन्मदात्या बँटमच्या वांट्याला अडीच-पावणेतीन हजार आल्या. पुढें विलिस कंपनी जीपच्या पितृत्वाचा मान आपल्याकडे घेऊं लागली, तेव्हां अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें १९४८ मध्यें तिला तसें म्हणण्यास मनाई केली. मुखवटा कोणाचा हा तंटा अजूनही मिटलेला नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं, कारण २०२० मध्यें त्याच अमेरिकेंत महिंद्रांच्या ‘रॉक्सॉर’ गाडीवर, तिचा तोंडवळा जीपसारखा आहे म्हणून, बंदी घालण्यांत आली होती.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग युद्धानंतरचा आहे. विलिसनें १९४५ मध्यें मुलकी जीप काढली ती मुख्यतः शेतकऱ्याला डोळ्यांपुढें ठेवून. तिच्या मागें नांगर जोडावा, तिच्या इंजिनाच्या जोरावर लांकडें कापण्याची करवत फिरवावी, आणि माल घेऊन तिच्यांतूनच बाजाराला जावें, अशी ती कल्पना होती. इंग्लंडांत रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे अँगलसी बेटावरील आपल्या शेतीवर एक जुनी लष्करी जीप वापरीत. तिला पर्याय शोधतां शोधतां ‘लँड रोव्हर’ जन्मली व ३० एप्रिल १९४८ रोजीं अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. म्हणजे त्या दोन्ही देशांत ह्या गाडीला दुसरा जन्म मिळाला तो शेताच्या बांधावर. आज लँड रोव्हर ही टाटांच्या मालकीची, धनिकांची गाडी आहे ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे काय झालें? जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्र बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ मध्यें ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. पेढीचें नांव १९४८ मध्यें बदललें. आणि १९४९ मध्यें मुंबईंत माझगांव येथें अमेरिकेहून आणलेल्या सुट्या भागांतून विलिस जीप जोडून बाहेर पडली. मराठी मुलुखांत जीपचा अवतार तो हा. पण ती बांधावर गेली नाहीं, कचेरींत गेली. लष्कर आणि सरकार हींच तिचीं मोठीं गिऱ्हाइकें. स्वतंत्र भारतांतील पहिलें गाजलेलें खरेदी-प्रकरणही जीपचेंच निघावें हा योगायोग मोठा बोलका आहे: १९४८ मध्यें लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनीं लष्करासाठीं केलेला तो करार, व त्यांतून आलेल्या १५५ निरुपयोगी गाड्या.

२ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूहविकास योजना सुरू झाली आणि जीप खेड्यांत शिरली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कारभार पाहूं लागल्या. ज्या समितीच्या शिफारशींवरून हें घडलें तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे आमच्याच जिल्ह्यांतील पुसद तालुक्याचे. सत्ता खेड्यापर्यंत न्यावी हा त्यांचा हेतु थोर होता याविषयीं मला शंका नाहीं. पण सत्ता खेड्यापर्यंत जातांना पायीं गेली नाहीं, बंडींतून गेली नाहीं. जीपमध्यें बसून गेली. ‘जीप आली’ ह्या दोन शब्दांना आमच्या भाषेंत जो अर्थ चिकटला तो पाहावा. गाडी आली एवढाच तो नव्हे. साहेब आला, फौजदार आला, वसुली आली, निवडणूक आली, असा तो अर्थ आहे. ग्रामीण कथेंतही धुरळा उडवीत येणारी जीप पुढाऱ्याची तरी असते किंवा पोलिसाची.

आतां मूळ मुद्दा. जीपचा सर्वांत मोठा गुण म्हणून जो सांगितला जातो, कीं तिला रस्ता लागत नाहीं, तोच आमच्या खेड्यांच्या मुळावर आला असें माझें म्हणणें आहे. ज्याच्या हातीं रस्ता मंजूर करण्याचा अधिकार, त्यालाच रस्त्यावांचून जाण्याचें साधन दिलें, तर रस्ता व्हावा कशाला? पूर्वींचा अंमलदार घोड्यावरून किंवा दमणींतून फिरतीवर निघे. तो कांहीं फार प्रजाहितदक्ष होता असें नव्हे. पण वाट खराब असली तर त्याचें स्वतःचें अंग दुखत असे. नाल्याला पूर आला तर तोही अलीकडच्या तीरावर आमच्यासारखाच खोळंबून राही. जीपनें हें समदुःखित्व नाहींसें केलें. रस्ते न होण्याला पैशाची टंचाई आहे, ठेकेदारी आहे, अतिक्रमण आहे, हें मला ठाऊक आहे. परंतु एखादी अडचण वर्षानुवर्षें तशीच राहते तेव्हां ती कोणाला जाणवत नाहीं हेंही पाहावें लागतें.

नेर तालुक्यांतील माती ज्यांनीं मृगानंतर तुडविली नाहीं त्यांना हें सांगून पटावयाचें नाहीं. सरकारी कागदांत जिला पाणंद म्हणतात व आमच्याकडे जिला पांदण म्हणतात, ती दोन धुऱ्यांमधली गाडवाट हीच शेतकऱ्याची खरी राजरस्ता. आमची काळी जमीन पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. पहिल्या दोन पावसांतच पांदणीचा असा चिकट गारा होतो कीं पायांतली वहाण त्यांत राहते आणि पाय मोकळा वर येतो. खत, बियाणें शेतांत न्यावयाचें तें ह्याच दिवसांत, आणि सोयाबीन सोंगल्यावर परतीचा पाऊस गांठतो तोही ह्याच वाटेवर. वाट बंद म्हणून पीक शेतांत भिजलें, असें सांगणारा माणूस नेरच्या बाजारांत दरसाल भेटतो.

येथें चारही चाकांना जोर असलेली गाडी तारील असें शहरांतल्या मित्रांना वाटतें. तसें होत नाहीं. रेतींत किंवा खडकांत त्या योजनेचा उपयोग निःसंशय मोठा आहे, कारण तेथें एका चाकाची पकड सुटली तरी दुसऱ्याला धरावयास कांहीं सांपडतें. काळ्या गाऱ्यांत टायरांच्या खांचा क्षणांत भरून जातात, चाक गुळगुळीत होतें, आणि चारही चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. गाडीला नांव एका वाळवंटाचें दिलें आहे तें ठीकच. वऱ्हाडच्या मातीचें देण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

आणि चार चाकांचा जोर तरी किती जणांच्या नशिबीं आहे? आमच्या भागांत काळीपिवळी म्हणून ज्या गाड्या चालत आल्या – पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्रांची कमांडर व मार्शल, टाटांची १९९४ ची सुमो, २००० ची बोलेरो – त्यांतील बहुतेकांचीं मागचींच दोन चाकें ओढतात. (सुमो ह्या नांवांत जपानी मल्ल नसून सुमंत मुळगांवकरांच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत, हें सांगितल्यावर माझे विद्यार्थी अजूनही हंसतात.) जीपचा चेहरा खेड्याला मिळाला, तिचें सामर्थ्य मिळालें नाहीं. आतां तर शहरालाही तें नको आहे असें दिसतें, कारण जानेवारी २०२३ मध्यें थारचा दोनच चाकांवर चालणारा स्वस्त प्रकार बाजारांत आला, व त्यालाही गिऱ्हाइकें भरपूर मिळालीं. शिवाय पुढें लोखंडी कठडा ठोकून घ्यावयाचा असतो. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें पादचाऱ्यांच्या जीवाला धोका म्हणून त्याला मनाई केली. तरी तो रस्तोरस्तीं दिसतो. ज्यानें आयुष्यांत पांदण पाहिली नाहीं त्याला हा कठडा कोणाला धडकविण्यासाठीं हवा असतो, तें मला अद्याप उमगलें नाहीं.

मालकीचा अनुभव म्हणून जो सांगतात त्याची एक हकीकत मलाही ठाऊक आहे. नेरजवळच्या एका खेड्यांतील शेतकऱ्यानें बऱ्याच वर्षांपूर्वीं लिलावांतली एक जुनी जीप घेतली. मूळचें पेट्रोलचें इंजिन काढून तिला डिझेलचें बसविलेलें होतें. (खुद्द कंपनीनेंही आपल्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यांतील डिझेल इंजिन जीपमध्यें घातलें होतें, शेतकऱ्याच्या यंत्राशीं तिची सोयरीक झाली ती एवढीच.) गांवच्या मिस्त्रीला तिचा प्रत्येक खिळा पाठ. कमानपाटे तुटत, ते लोहाराकडून जोडून घेत. तिच्यांतून कापूस गेला, वऱ्हाड गेलें, बाळंतिणी गेल्या. गांवांत एकच गाडी असल्यामुळें तिचा मालक रात्रीं निश्चिंत झोंपला नाहीं. पण हें सारें डांबरी सडकेवरचें. पावसाळ्यांत ती शेतापर्यंत नेण्याचा हट्ट त्यानें एकदांच केला. बैलांच्या दोन जोड्या लावून ती बाहेर काढल्यावर तो मला म्हणाला, “सर, बैल कडबा खाते अन् चिखलातून काढते, हे डिझेल खाते अन् चिखलात बसते.” गाडीवर त्याचें प्रेम मात्र शेवटपर्यंत होतें. असल्या प्रेमाचा मी उपहास करीत नाहीं. तो माणूस गाडी वापरीत होता, मिरवीत नव्हता.

ह्यावर कोणी म्हणेल कीं मेळघाटांत, गडचिरोलींत दवाखान्याची जीप पोंचते म्हणून माणसें वांचतात. आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू असतांना आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला पोंचविलें तें काळीपिवळीनेंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मीही त्या महिन्यांत यवतमाळपर्यंत फळीवर अर्धें अंग टेकून पुष्कळदां गेलों आहें. परंतु ही तरफदारी जीपची नव्हे. जेथें रस्ता नाहीं, बस नाहीं, तेथील लाचारीचें तें वर्णन आहे. रोग्याला डोलींतून नेणाऱ्या चौघांचें कौतुक करतांना त्यांच्या गांवाला अद्याप वाट कां नाहीं, हा प्रश्न गिळून टाकावयाचा नसतो.

माझ्या तरुण मित्राचें शेवटचें अस्त्र असें होतें कीं, रस्ते होण्यास पन्नास वर्षें लागतील, तोंवर काय करावें? पण साधनें नाहींत असें थोडेंच आहे! शेजाऱ्यानें वाट अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहशीलदारास मामलेदार कोर्ट कायद्यानें १९०६ पासून दिलेला आहे. धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमांत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें मातोश्री ग्रामसमृद्धीच्या नांवानें शेत व पाणंद रस्त्यांची स्वतंत्र योजनाही निघाली. कायदा आहे, योजना आहे, नकाशांत पांदण आहे. पाहणी मात्र उन्हाळ्यांत होते, जेव्हां भेगाळलेल्या पांदणीवरून कोणतीही गाडी सरळ जाते. ती आषाढांत व्हावी, आणि पाहणीला येणाऱ्या साहेबानें आपली गाडी सडकेवर उभी करून, ज्याचा अर्ज असेल त्याच्या बंडींत बसून त्याच्या शेतापर्यंत जावें, एवढा एक नियम सरकारनें करून पाहावा. बैल कोणाचे लावावयाचे हा प्रश्न उद्भवणार नाहीं. ते आमच्या शेतकऱ्यांपाशीं अजून आहेत.