भिंगरीच्या शेपटीचे मासे आणि लातूरचं पाणी

पोरानं मोबाइलवर मासे दाखवले असतील. निळ्या पाण्यात चार-पाच मासे एकमेकांच्या मागं फिरताहेत. एकाच्या अंगावर वाघासारखे पट्टे, बाकीचे पिवळे. शेपटी दोन टोकांत फुटलेली, हिवाळ्यात विजेच्या तारेवर येऊन बसणाऱ्या भिंगरीसारखी. त्या शेपटीवरूनच या माशांना स्वॅलोटेल एंजल म्हणतात. पोरगं म्हणालं असेल, बाबा, आपण हे आणू या. तुम्हालाही आवडलं असेल.

आणू नका, असं मी म्हणणार नाही. मीही वीसेक वर्षं घरात टाकी ठेवून आहे. पण पैसे मोजण्याआधी घरात सगळ्यांना घेऊन बसा आणि थोडं ऐका.

आधी नावाचा घोळ मिटवा. आपल्याकडच्या दुकानात 'एंजल' मागितला तर दुकानदार चपटा, तिकोनी मासा दाखवेल. तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, गोड्या पाण्यातला. मोबाइलवरचा एंजल समुद्रातला. नाव सारखं असलं तरी दोघांचं नातं दूरचं. एकाचं पाणी दुसऱ्याला दिलं तर मासा जगत नाही.

आता कळपाचं. पट्टेवाला तो नर आणि पिवळ्या त्या माद्या. हे मासे आधी माद्या असतात. कळपातली सगळ्यांत मोठी आणि दांडगी मादी पुढं नर होते. काही आठवड्यांत तिचा रंगही बदलतो. म्हणून दुकानातून नर शोधून आणायची गरज नाही. तीन-चार माद्या आणा, त्यातली एक जरा मोठी असू द्या. सगळ्या एकाच दिवशी टाकीत सोडा. पुढचं त्या आपसांत ठरवतील. दोन नर मात्र कधीही एकत्र ठेवू नका. समुद्रात हरलेला पळून जातो, काचेच्या टाकीत कुठं पळणार?

एवढ्या कळपाला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते. यातल्या काही जातींचे मासे वीतभर वाढतात. त्यांना दिवसभर पोहायला मोकळी जागा हवी. चार फुटी टाकीत काम भागेल, असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढं चला.

सहा फुटी टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच जवळपास सात क्विंटल. वर काच, लोखंडी स्टँड, दगड. आडतीवर सोयाबीनची थप्पी लागते, तसं वजन तुमच्या बैठकीत कायमचं उभं राहणार. माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर ही टाकी अजिबात नको. स्लॅबचं घर असलं तरी खालच्या मजल्यावर, पक्क्या भिंतीला लागून ठेवा. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना भिंती आणि वजन यांचं वेगळं सांगायला नको.

मग येतं पाणी. खरी गोष्ट इथंच आहे.

बोअरचं पाणी या टाकीला चालत नाही. ते जड असतं, क्षार भरपूर. टँकरचं पाणी कुठलं, ते टँकरवाल्यालाही नीट सांगता येत नाही. समुद्राचं पाणी बनवायचं तर आधी आरओचं कोरं पाणी लागतं आणि त्यात मत्स्यालयासाठीचं खास मीठ. स्वयंपाकाचं मीठ टाकू नका. समुद्रात नुसतं मीठ नसतं, चुना, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही असतं. खास मीठ एका लिटरला साधारण 35 ग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्याच भरणीला 24 किलोच्या आसपास. ते महाग असतं, हे दुकानदार शेवटी सांगतो.

आरओचं यंत्र एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. हिशेब मांडा. टाकी एकदा भरायला दोन हजार लिटरच्या वर पाणी लागेल. पुढं दर पंधरवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदलायचं. आरओच्या यंत्रातून बाहेर पडलेलं पाणी गटारात सोडू नका. भांडी, फरशी, संडास, यासाठी ड्रम भरून ठेवा.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आपल्या लातूर शहराला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. असं साल पुन्हा आलं तर शेजारीण घागर घेऊन उभी असेल आणि तुमच्या बैठकीत माशांसाठी पाणी फिरत असेल. ते तुम्हाला बघवेल का, हे आजच ठरवा. मला बघवलं नव्हतं. मी त्या वर्षी मोठी टाकी मोडली आणि मासे पुण्यातल्या एका ओळखीच्याला दिले.

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. आमटी आटली की खारट होते, तसंच. म्हणून रोज जेवढी पातळी उतरेल तेवढं कोरं आरओचं पाणीच घाला, मिठाचं नको. टाकीच्या काचेवर पेनानं एक रेघ मारून ठेवा. वैशाखात ती रेघ रोज उघडी पडलेली दिसेल.

आता ऊन. या माशांना 24 ते 27 अंश पाणी मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 40-42 असतं आणि पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नका. चिलर नावाचं यंत्र मिळतं, पण ते आणि त्याचं वीजबिल दोन्ही जड. आपली हवा कोरडी आहे, हा एक फायदा. पाण्यावर पंखा मारला की टाकी माठासारखी दोन-तीन अंश थंड होते. पण मग पाणीही जास्त उडतं. म्हणजे पुन्हा आरओ, पुन्हा ड्रम.

वीज गेली की उकाड्याआधी माशांचा श्वास अडकतो. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. पंप बंद पडले आणि टाकीत मासे जास्त असले की फार वेळ मिळत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या आणि महिन्यातून एकदा चालवून बघा. माझ्याकडे तो होता. त्यातले सेल संपले होते. लग्नाला गेलो होतो, परत आलो तर तीन मासे वर तरंगत होते. दोष विजेचा म्हणा, पण सेल बघायचं काम माझं होतं.

खारं पाणी वीज लवकर वाहून नेतं. प्लग टाकीच्या खाली नको, बाजूला वर घ्या. वायरला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून जमिनीवर पडतील, प्लगमध्ये शिरणार नाहीत. अर्थिंग वायरमनला बोलावून तपासून घ्या. टाकीत हात घालण्याआधी बटणं बंद करा. लहान लेकरांना हे रोज सांगा.

टाकी सजवायला दुकानदार प्रवाळ दाखवेल. नको म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. जिवंत असो की वाळलेलं, घरात आणू नका. चिनी मातीचे किंवा सिमेंटचे बनवलेले खडक मिळतात, ते चालतात. गंमत अशी की या माशांची ख्याती, ते प्रवाळाला तोंड लावत नाहीत, हीच. दुसरे समुद्री एंजल कुरतडतात. आपल्याकडे प्रवाळच नसणार, तेव्हा त्या गुणाचे जादा पैसे देऊ नका. खरं प्रवाळ बघायचं असेल तर लेकरांना घेऊन मालवणला जा.

मासे निवडताना घाई नको. हे खोल पाण्यातले मासे. पकडणाऱ्यानं घाईनं वर ओढले की त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा डोकं खाली, शेपटी वर करून सारखा धडपडतो. तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. काही देशांत मासे पकडताना विष वापरतात. तो मासा वरून चांगला दिसतो आणि काही दिवसांनी मरतो. म्हणून दुकानदाराला म्हणा, आठवडाभर तुमच्याकडेच ठेवा, मग येतो. आठवड्यानं जा आणि तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात असेल तरच घ्या. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. अंगावर पांढरे ठिपके आले तर तिथंच कळेल. पहिले काही दिवस दिवा मंद ठेवा. टाकीवर जाळी हवी, हे मासे उडी मारतात.

खाणं. समुद्रात ते दिवसभर पाण्यातले बारीक जीव टिपतात. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. हे खाणं म्हणजे गोठवलेली बारीक कोळंबी आणि ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. घर शाकाहारी असेल तर आईला, सासूबाईंना आधी विचारा. लपवून ठेवाल आणि एक दिवस गुलाबजामाच्या डब्याशेजारी ते पाकीट निघेल. त्यापेक्षा वेगळा छोटा फ्रीज बरा. वीज जाऊन वितळलेलं पुन्हा गोठवू नका, फेकून द्या.

दिवाळीला गावाकडे गेलात, महाशिवरात्रीला पाहुणे आले, पोरगं ट्यूशनच्या परीक्षेत अडकलं, तरी ही तीन-चार वेळची चिमूट चुकता कामा नये. कोण देणार, त्याचं नाव आत्ताच घ्या. 'सगळे मिळून' हे उत्तर धरू नका.

एवढं ऐकून मन मागं आलं तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या जड पाण्याला रुचणारे मासेही आहेत. गप्पी, मॉली. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायचं औषध टाका, बोअरचं असेल तर तेवढंही नको. दीड-दोन फुटी टाकीतही घर हसतं राहतं.

आणि मन घट्ट असेल तर एक करा. टाकी आत्ता भरू नका, गुढीपाडव्याला भरा. मीठ, पंप, पंखा, सगळं सुरू करा. मासा एकही नको. घाण पचवणारे बारीक जीव आधी टाकीत वाढावे लागतात, दुधाला विरजण लागावं तसे. त्याला चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्यात वैशाख येतो. एक वही करा. रोज दुपारी तीनला पाण्याचं तापमान लिहा, पाणी किती घातलं ते लिहा, वीज किती वेळ गेली ते लिहा. पोराच्या हातानं लिहून घ्या. मृगाचा पाऊस पडला की वही उघडा. 29 अंशांच्या वरचे आकडे सारखे दिसले, किंवा मधली पानं कोरी निघाली, तर दुकानाकडे फिरकू नका. सगळं नीट भरलेलं असेल तर दिवाळीनंतरच्या थंडीत मासे आणा. प्रवासात तेव्हा ते कमी दमतात.

आणि बदललेलं खारं पाणी तुळशीत ओतू नका. माझ्या बायकोची तुळस मी अशीच घालवली होती.