गाडीने गाडीला दिलेली वीज

देवास जिल्ह्यात उदयनगरच्या वाटेवर भाच्याच्या विजेच्या गाडीची बॅटरी संपत आली. सोबतच्या गाडीला बाहेर वीज देणारा प्लग होता. पण चार्जर लावला की लाल दिवा! त्याने मला फोन केला.

आधी अँपिअर कमी करायला सांगितले. असा प्लग साधारण ३ किलोवॉटच देतो. अंथरूण पाहून पाय पसरावे. कन्नडमध्ये ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. तरी दिवा लालच. म्हणजे अडचण अर्थिंगची. घरच्या विजेचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, गाडीच्या प्लगचा बहुधा नसतो. म्हणून चार्जर थांबतो.

“मामा, तारेने जोडू?” मी साफ नको म्हटले. तो चार्जरचा हट्ट नव्हे, जिवाची राखण आहे. पुढे गावातल्या एका घरी अर्थिंगच्या प्लगवर गाडी लागली.

वाचकहो, दोन्ही गाड्या निघण्यापूर्वी घरीच जोडून पाहा.