भातातला खडा आणि चाळिशी

आधी एक कबुली. मागच्या टर्मला लेडीज हॉस्टेलच्या मेसच्या तक्रारवहीत "भातात रोज खडे येतात, निवडणाऱ्यांचं लक्ष नसतं" असं ठळक अक्षरात लिहिणारी मुलगी म्हणजे मीच. खाली चौदा जणींच्या सह्या. मी कॉन्व्हेंटवाली, मराठीत लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पण ती ओळ मी मुद्दाम मराठीत लिहिली, कारण कॉन्ट्रॅक्टरला ती नीट कळायला हवी होती. कळली! त्याने तांदूळ निवडणाऱ्या मावशींना सांगून टाकलं, अजून एक तक्रार आली तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

हे मला माहीतच नव्हतं. एका दुपारी पाणी प्यायला मेसमध्ये गेले, तर मावशी गोळ्यांची पट्टी हातभर लांब धरून, मान मागे नेऊन वाचायचा प्रयत्न करत होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, बघ गं जरा, सकाळची कुठली अन् रात्रीची कुठली. अक्षरं पळत्यात नुसती." आणि मग हळूच, "खड्यांचंबी तसंच होतंय बघ. तांदूळ कुठला अन् खडा कुठला, समदं पांढरंच दिसतं."

मांडीवर सूप, सुपात तांदूळ. मी तिथेच गार पडले.

"चाळशी लागली असंल, दुसरं काय," मावशी म्हणाल्या. मला चाळिशी म्हणजे फक्त वय ठाऊक. प्रेसबायोपिया हा शब्द मात्र स्पेलिंगसकट पाठ! परीक्षेत दोन मार्कांना यायचा. मराठीने वय, डोळ्याचा दोष आणि त्यावरचा चष्मा या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवल्यात, आणि तो शब्द मला विसाव्या वर्षी मेसमध्ये कळला.

आता थोडं फिजिक्स (पान उलटू नका, जर्नल लिहायला सांगत नाहीये!). डोळ्याची एकूण पॉवर साधारण ६० डायॉप्टर. त्यातली ४० च्या वर पॉवर पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची. ती बदलत नाही. उरलेलं काम आतल्या भिंगाचं. कॅमेऱ्यात जवळची वस्तू फोकस करायला भिंग पुढे-मागे सरकवतात. आपल्या डोळ्यात भिंग जागचं हलत नाही, त्याचा आकार बदलतो. भोवतीचा स्नायू आवळला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगतं आणि पॉवर वाढते. विशीत आपण अशी साधारण १० डायॉप्टर जास्तीची पॉवर काढू शकतो. वयाबरोबर भिंग कडक होत जातं आणि पन्नाशीला जेमतेम दोनच्या आसपास उरते. हे सगळ्यांचं होतं. कलेक्टरचं होतं, आपल्या एचओडींचं होतं, मावशींचंही होतं. यात लक्ष नसण्याचा संबंध येतोच कुठे?

मी एक प्रयोग केला. मेसच्या जुन्या कुपनाला टाचणीने बारीक भोक पाडलं आणि मावशींना उन्हात नेऊन त्यातून गोळ्यांची पट्टी बघायला लावली. "अगं बया, दिसतंय की!" बारीक भोकातून प्रकाशाची अगदी चिंचोळी शलाकाच आत जाते, त्यामुळे फोकस चुकला तरी पडद्यावरचा धूसर ठिपका लहान राहतो. म्हणजे गडबड मुख्यतः फोकसची होती. मग मी पट्टी धरून मागे मागे गेले. अक्षरं स्पष्ट दिसायला लागली ते अंतर दोन स्टीलच्या पट्ट्या जोडून मोजलं, साधारण ६६ सेंटिमीटर. सूप असतं ३३ सेंटिमीटरवर. मीटरमध्ये उलटे केले की ३ वजा दीड, म्हणजे अधिक दीडचा नंबर. दहावीचं गणित!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दोनचा नंबर दिला. माझं उत्तर चुकलं कसं? डॉक्टरांनीच समजावलं. तुझ्या गणितात डोळा दिवसभर पूर्ण ताकद लावून बसलाय. शिल्लक असलेल्या ताकदीतली काही राखून ठेवावी लागते, नाहीतर तासाभरात डोकं दुखायला लागेल. हे कुठल्याही फॉर्म्युल्यात नव्हतं, कारण फॉर्म्युल्यातला डोळा कधी थकत नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी न्यूटन्स रिंग्ज केलं. सोडियम दिवा, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, भिंगाची वक्रता दोन दशांश स्थळांपर्यंत (निम्म्यांनी शेजारच्याच्या जर्नलमधून!). पण ज्या भिंगाने मावशींची नोकरी वाचते, ते आपल्याला क्षुल्लक वाटतं. खरं तर भिंगांचा इतिहास तिथूनच सुरू होतो. इटलीत १२८६ च्या सुमारास पहिले चष्मे बनले ते बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे चाळिशीचेच. दुर्बीण त्यानंतर तीनशे वर्षांनी आली. १६०८ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज करणारा हॉलंडचा हान्स लिपरशे हा चष्मेवालाच होता. आपण दुर्बिणीचं कौतुक करतो आणि चष्म्याच्या दुकानाला विसरतो.

कुणी म्हणेल, चष्म्याने असा काय फरक पडतो? आसाममधल्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. लगेच चष्मा मिळालेल्यांची रोजची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. माणसं तीच, मळा तोच. नाकावर फक्त दोन भिंगं आली.

दुसरा आक्षेप माझ्या रूममेटचा. "ते काम कॉन्ट्रॅक्टरचं आहे, आपण इंजिनीअर होणार, डॉक्टर नाही." अर्धं पटतं. नंबर आपण काढायचाच नाही, कारण चाळिशी समजून मोतीबिंदू किंवा काचबिंदू राहून जायला नको. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पण "तुम्हाला जवळचं दिसतं का?" एवढं विचारायला कुठली डिग्री लागते?

म्हणून माझी मागणी साधी आहे. एनएसएसचं रक्तदान शिबिर आपल्याकडे दरवर्षी होतं. त्याच दिवशी नेत्रतपासणीचं एक टेबल लावा. मेस, सफाई, वॉचमन, लॅब असिस्टंट, चाळिशीपुढचे सगळे आधी. (हजेरीपट हात लांब करून वाचणारे आमचे काही सरसुद्धा यावेत ही नम्र विनंती!) आणि मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवणाऱ्यांनीही रांगेत उभं राहा. तुमचा नंबर वजा असेल, एवढाच फरक. गरजूंच्या चष्म्यांचा खर्च गॅदरिंगच्या डेकोरेशनमधून काढता येईल. थर्माकोल तसंही दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं.

मावशी अजून आमच्याच मेसमध्ये आहेत. खडे पूर्ण थांबले असं म्हणणार नाही, परवाच एक दाताखाली आला. तक्रारवही टेबलावरच होती. मी उठून आत गेले आणि आधी विचारलं, "मावशी, चष्मा कुठाय?"

"अगं, काच फुटली त्याची. कुणाला सांगू?"

या वेळी सह्या आम्ही वर्गणीच्या यादीवर केल्या.